पाय धुवायचं पाणी

इनामदार रंगराव आपल्या फरसबंद अंगणाला फार जपत. एकदा कडेच्या चिंचेची मुळं फरशीखाली शिरली आणि दगड वर आले.

"न बोलावता माझ्या अंगणात घुसते? तोडा ती चिंच!" इनामदार कडाडले.

धाकटी सून भागीरथी म्हणाली, "मामंजी, आधी ती निघालीय कुठे, ते तर पाहू."

दगड उचलले. सगळी मुळं थेट पायरीपाशी गेलेली, पाहुणे पाय धुवत त्या हंड्याजवळ.

इनामदार वाकून बघतच राहिले. "इथंच कशी गं आली?"

"आपणच रोज पाणी दिलं, मामंजी. दारात पाणी देऊन आत घेतलेल्या पाहुणीवर कुऱ्हाड चालवायची?"

इनामदारांनी मिशी चावली. "मग उद्यापासून हंडा चिंचेपलीकडे ठेवा. पाहुणीचा पाहुणचार तिकडेच होऊ द्या!"