राणी कनकावतीची फुगडी

एका राज्यात कनकावती नावाची राणी होती. खजिना तुडुंब, पण राणीचा जीव फुगडीत. तरुणपणी ती खेळत असताना विकटाक्ष मांत्रिक दारी आला. राणी काही थांबली नाही. मांत्रिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो म्हणाला, "तुझी फुगडी सुटेल त्या दिवशी राज्यातलं फिरणारं सगळं थांबेल. तू स्वतः ती पुन्हा धरशील तेव्हाच शाप सुटेल." राणी हसली. खेळ सोडणार होती कोण?

पण म्हातारपण काय विचारून येतं? दुखणं हत्तीच्या पायानं येतं अन् मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. राणीच्या गुडघ्यात आलेलं तर ठाणच मांडून बसलं. एका सकाळी तिनं हात सोडले. त्याच घटकेला जाती, रहाट, पोरांचे भोवरे जागच्या जागी थांबले. प्रजा घुगऱ्यांवर दिवस काढू लागली, लेकरं भाकरीसाठी रडू लागली.

राणीनं आपली वस्त्रं तरुण दासीला नेसवून तिला खेळवलं. जातं हललं नाही. मग खजिन्याची राखण करणाऱ्या दोन यक्षांनी राणीलाच उचलून गरगर फिरवलं. राणीला भोवळ आली, जातं हललं नाही.

तेव्हा पिंजऱ्यातली साळुंकी बोलली, "राणी, तुझी सखी सगुणा अजून आहे."

दम्यानं वाकलेली सगुणा काठी टेकत आली.

"सगुणे, आता गरगर फिरणं होत नाही. लोकांत हसं होईल."

"बाईसाहेब, हौस खेळायची होती की दाखवायची?"

राणीला ते लागलं. लाज वाटत होती, हे खरंच होतं. आणि खेळावाचून जीव कासावीस होत होता, हेही खरं होतं. तिनं हात पुढे केले.

पायाला पाय भिडले. मागं रेलणं जमेना, म्हणून दोघींनी उभ्यानंच पावलं सरकवली. सगुणानं तोंडानं ताल देत पकवा धरला, तो धापेत तुटला. राणीनं तिथून उचलला. गुडघे ठणकत होते. एक फेरा पुरा झाला आणि मुदपाकखान्यात जातं घरघरलं. शाप सुटला.

दुसऱ्या सकाळी सगुणा पुन्हा आली. प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, आता शाप उरला नाही. कशाला त्रास घेता?"

"प्रधानजी, इतकी वर्षं मी शापाला भिऊन खेळत होते, असं वाटलं तुम्हाला?"

राणी एक फेरा खेळली, टेकली, मग आणखी एक खेळली. प्रजेला पीठ लाभलं, राणीला खेळ लाभला, ऐकणाऱ्यालाही लाभो.