अकरा झाडांची मुळं

"बाबा, आता तरी हे ओतू ना?"

हिरामण मिरचीच्या वाफ्याशी उभा होता. हातात झारी, झारीत मोरचुदाचं निळं पाणी. गड्याची पाचावर धारण बसली होती.

सुंदरगीर बाबांच्या मठामागे लवंगी मिरचीचा हा एवढा एकच वाफा. बाबांच्या गुरूंनी जपलेलं वाण, बी दुसरीकडे कुठेच उरलेलं नाही. यंदा झाडं वाळली की वाण संपलं.

हिरामण कृषी पदविका घेऊन मठात आला होता. "बुरशी येऊ तर द्या, मी बघतो," असं त्याने छाती ठोकून सांगितलं होतं. ओल्या शेणखतात उपयोगी जिवाणू वाढवून त्यानेच ते रोपांच्या मुळांशी घातले. हे जिवाणू बुरशीला डोकं वर काढू देत नाहीत, हे मठात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावंच लागे.

मग बुरशीच्या मर रोगाने पहिलं झाड वाळलं आणि आमच्या पंडिताच्या तोंडचं पाणी पळालं.

"या पाण्याने बुरशी मरेल?" बाबांनी विचारलं. ते बांधावर बसले होते.

"मरेल."

"आणि तुझे जिवाणू?"





"तेही मरतील." हिरामणने झारी खाली ठेवली, पण कडी काही सोडवेना. "पण ते काम करताहेत हे कळायचं कसं, बाबा? वरून काहीच दिसत नाही!"

"रोगाने किती झाडं गेली?"

"चार."

"वाफ्यात पंधरा जागा रिकाम्या आहेत."



"बाकीची... मी उपटली. रोज सकाळी एक. मुळं बघायला."

"कशी होती मुळं?"

"पांढरी. निरोगी."

"किती झाडांची?"

"अकराही झाडांची..."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं, असं हिरामणला वाटलं. ऊन चढत होतं. तेवढ्यात कडेच्या झाडाची पानं लवली.

"बाबा, ते बघा! त्यानेही मान टाकली!"

"दुपार झालीय. उन्हात पानं लवतातच."

हिरामणला ते ऐकूच गेलं नाही. तो धावला, गुडघ्यांवर बसला, खोड मुठीत धरलं. एक हिसका, की सगळं कळणार होतं. बाबा त्याला अडवायला उठले नाहीत. शेवटी त्याने एकेक बोट सोडवलं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" तो जवळजवळ रडत म्हणाला. "तुमच्या गुरूंचं बी आहे हे!"

"तुझ्याहून जास्त वाटते."

हिरामणने मान वळवून पाहिलं. बाबांचे दोन्ही हात दिसत नव्हते.

"म्हणून तर सकाळपासून हात मांड्यांखाली दाबून बसलोय. ये, बस."