ज्या लाईनवरून तो बोलत होता

"पण सर, कमांड चुकीची होती का?"

तांबोळी सरांनी मान वर केली नाही. राउटरच्या मागे वाकून ते केबल जोडत होते.

"नव्हती," ते म्हणाले.

शार्दूलला जरा धीर आला. नागपूरहून जंगलातल्या या ग्रामीण रुग्णालयापर्यंत सर गाडीत चकार शब्द बोलले नव्हते.

सकाळी नागपूरच्या ऑफिसात बसून त्याने इथल्या राउटरवर लॉगिन केलं होतं. इंटरनेटची जुनी लाईन सारखी बंद पडायची. ती बंद करून सगळा भार नव्या लाईनवर टाकायचा, एवढंच काम. असं काही करण्याआधी राउटरला बजावून ठेवायचं, की माझा संपर्क तुटला तर थोड्या वेळाने आपणहून पूर्ववत हो, ही सरांची शिकवण. शार्दूलला ती भित्र्यांची वाटे.

तसं काही न बजावताच त्याने जुनी लाईन बंद केली.

त्याच लाईनवरून तो स्वतः आत शिरला होता. नवी अजून सुरूच झालेली नव्हती.

पडद्यावरचा कर्सर थिजला...

नेमकी तेव्हा इथे एक बाई अडली होती. शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई व्हिडिओवरून इथल्या डॉक्टर उसेंडींना बाळ कसं वळवायचं ते सांगत होत्या. चित्र गेलं. आवाजही गेला. मोबाईलला इथे रेंज नाही.

बाई वाचली. बाळ नाही.

"उसेंडी डॉक्टर म्हणाले, लाईन असती तरी कदाचित..."

"म्हणाले."

"म्हणजे नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

"नाही येणार."

"मग तुम्ही माझ्याशी बोलत का नाही, सर?"

सर उठले. खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

"चालू कर."

शार्दूल कमांड टाइप करू लागला. एक अक्षर चुकलं, खोडलं, पुन्हा मारलं. राउटरवरचा दिवा केशरी झाला. मग हिरवा. शेजारच्या खोलीतला पडदा उजळला आणि त्यावर शहरातली एक रिकामी खुर्ची दिसू लागली.

"आली, सर! लाईन आली!"

आपल्या आवाजातला आनंद ऐकून त्याचा तोच चरकला.

सरांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला बाहेर व्हरांड्यात आणलं. बाळाचा आजा भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं, त्यावर त्याचा पालथा हात. त्याने वर पाहिलं. हे कोण साहेब, काय सांगायला आलेत, असं काहीसं त्या डोळ्यांत होतं.

शार्दूलने मनगट सोडवायला पाहिलं. सुटलं नाही.

"काय सांगू, सर?"

सरांनी त्याला आज्यासमोर उभं केलं.

"आत मला जे सांगितलंस तेच. लाईन आली."