चार घागरी पाणी

एका खडकाळ गावात एक वायरमन होता. हात असा सफाईदार, की त्याने ओढलेली वायर पाहून गवंड्याने ओळंबा घरी ठेवावा. पण त्या गावात विजेचा दाब कमी आणि याचा तोराच जास्त. "वीस वर्षं झाली, माझ्या कामात खोट काढणारा अजून जन्मायचाय," असे तो चहाच्या टपरीवर ज्याला त्याला सांगे.

तालुक्याला नवे वीज निरीक्षक आले. तेही काही कमी नव्हते. नियमांचे पुस्तक बगलेत घेऊनच जेवायला बसत असावेत. पण दोघेही आपापल्या कामाला जागणारी माणसे होती, हे आधीच सांगितलेले बरे. या गोष्टीत दुष्ट कोण, ते शोधत बसू नका.

त्याच गावात अनसाबाईने मिरची कांडपाचे यंत्र आणले. उन्हाळ्यात आसपासच्या बायका वर्षाची चटणी कुटून घेतात, तेवढाच काय तो तिचा धंदा. पण साहेबांची सही झाल्याशिवाय यंत्राला वीज मिळणार नव्हती.

वादाचे कारण एक खड्डा. यंत्राच्या अंगात चुकून वीज उतरली तर ती माणसात न शिरता जमिनीत जावी, म्हणून एक लोखंडी पट्टी खोल पुरतात. तिला अर्थिंग म्हणतात. जमीन ओली असेल तरच तिचा उपयोग.

वायरमन पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, भिंतीपाशी नुसता कातळ आहे. खड्डा आडामागं घेऊ या, सांडपाणी मुरतं तिथं."

साहेबांनी कागदावर बोट ठेवले. "मंजूर नकाशात भिंतीपाशी आहे. भिंतीपाशीच हवा."

"नकाशा काढणाऱ्यानं इथं पहार मारून बघितली होती का?"

"नियम पहारीला विचारून होत नाहीत."

झाले! शब्दाने शब्द वाढला. वायरमनने रागारागाने भिंतीपाशीच खणले. तीन फुटांवर पहार खणखणली, तशी तिथेच पट्टी पुरून तो मोकळा झाला. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी त्याने त्या खड्ड्यात गुपचूप चार घागरी पाणी ओतले. त्याचा उस्तादही असेच करायचा.

साहेबांनी मोजणीचे यंत्र लावले. काटा अगदी हवा तिथे. त्यांनी पेन उघडले, तोच बुटाला काहीतरी चिकटले. ऐन चैत्रात, कातळावर, चिखल!

"पाणी घातलंत?"

"घातलं. पुस्तकात घालू नये असं कुठं लिहिलंय?"

"रोज कोण घालणार?"

"तुम्ही आकडा मागितलात, मी आकडा दिला!"

भांडण ऐकायला निम्मे गाव जमले. शेवटी साहेब कंटाळले. "ठीक आहे. आकडा नियमात बसतो. 'काम पक्कं आहे' एवढं लिहून द्या, मी सही करतो."

वायरमनने ऐटीत पेन घेतले. तेवढ्यात अनसाबाई पुढे झाली.

"तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मिरची कुटताना हाताची आग हुती, मला सारखं बादलीत हात बुडवावं लागत्यात. भाऊ, तुम्हीच सांगा. चार दिसांनी हे पाणी वाळल्यावर, त्या वल्ल्या हातानं मी यंत्राला शिवू का?"

वायरमनने तिच्या हातांकडे पाहिले. 'हो' म्हणायला काय लागत होते? पेन हातातच होते. पण त्याने ते साहेबांना परत दिले.

"नका शिवू, मावशी," तो अखेर म्हणाला. "माझं काम कच्चं आहे."

निम्म्या गावासमोर, तेही वीस वर्षांच्या बढाईनंतर! मला तर त्याचा फार अभिमान वाटतो.

साहेब आता झाडणार, असे सगळ्यांना वाटले. साहेबांनी पुस्तक मिटले. "चूक एकट्या तुमची नाही. तुम्ही जागा दाखवत होता आणि मी कागद दाखवत बसलो. चला, कुठं आहे तो आड?"

आडामागे भर उन्हाळ्यात अळू माजले होते. साहेबांनी नकाशावरची जुनी खूण खोडली, नवी केली आणि खाली स्वतःची सही ठोकली. "जागा तुमची. खोली मात्र पुस्तकातली. पुरुषभर म्हणजे पुरुषभर, वीतभरही कमी चालणार नाही."

वायरमनने तीन दिवस खणले. मग एका दुपारी साहेब न कळवता आले. कुणी घागर उचलली नव्हती, तरी काटा जागेवर होता. सही झाली. हंगामाचे आठ दिवस बुडाले, म्हणून अनसाबाईने दोघांनाही चांगले सुनावले.

वैशाखात एके दिवशी यंत्र चालता चालता बंद पडले. वायरमन येताच अनसाबाईने तोंडाचा पट्टा सोडला. "येवढं कवतिक त्या खड्ड्याचं, आन् फ्यूज उडाला! बाया खोळंबल्यात नव्हं!"

वायरमनने झाकण काढले. हादऱ्यांनी घासून एक वायर उघडी पडली होती आणि यंत्राच्या पत्र्याला टेकली होती. पत्र्यात उतरलेली वीज पट्टीवाटे थेट जमिनीत गेली होती, म्हणून फ्यूज उडाला होता. त्याने मागे वळून पाहिले. अनसाबाईचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"यंत्र थांबलं तेव्हा हात कुठं होता, मावशी?"

"कुठं म्हंजे? ह्या पत्र्यावरच की! का? मोठं काम निघालं का काय?"

वायरमनने हातातले झाकण खाली ठेवले. "नाही मावशी. काही झालं नाही. काहीच झालं नाही." आणि तो रडू लागला. मिरचीची पूड डोळ्यांत गेली असेल, असे बायकांना वाटले.

त्याच दिवशी तो तालुक्याला गेला, साहेबांना एवढेच सांगायला, की काहीच झालं नाही.

तात्पर्य: सही कागदावर होते; पण काम पक्के की कच्चे, हे त्या यंत्राला लागणाऱ्या ओल्या हाताला विचारावे.