सरपंचांचा सर्व्हे आणि पारूबाईचा भात

निवडणूक तोंडावर आली आणि सरपंच फत्तेसिंगरावांनी गावाचा सर्व्हे काढला. दहा घरं विचारली, दहाही आपल्याच भावकीतली. दुसऱ्या दिवशी चावडीवर फलक लागला: सगळं गाव सरपंचांच्या पाठीशी, फक्त कुंभारआळी विरोधक! आळीत विचारायला कुणी फिरकलंच नव्हतं. पण शिक्का बसला आणि आळीचा पाण्याचा टँकर बंद झाला.

गावजेवणाचा भात कुंभारआळीची पारूबाई रांधायची. भंडाऱ्याला तिने भर पंगतीत विचारलं, “सरपंच, दहा घरांवरून गाव कळतं व्हय?”

“शितावरून भाताची परीक्षा, पारूबाई! तुम्हाला नाही कळायचं.”

“मग एवढा भात तरी बघा. झालाय का?”

ही आता काय करते म्हणून लोक माना उंचावून बघू लागले. सरपंचांनी हंड्यातली वरची शितं बोटांत दाबली. “लोण्यासारखा मऊ! वाढा!”

पारूबाईने डाव पार तळाशी घातला आणि सरपंचांच्याच पानात वाढलं. पहिल्याच घासाला दात करकरले.

“अहो, हा तर कच्चा!”

“असणारच. आधीच्या पंगतीच्या हंड्यात उरलेली शिजलेली शितं मीच वर पसरली. तुमच्या सर्व्हेवरनं शिकले.”

पंगत खो-खो हसली. सरपंच घाम पुसत म्हणाले, “बरं, सोमवारी टँकर पाठवतो.”

पारूबाईने हंड्यावर झाकण ठेवलं. “पाठवा की. आळीत पाणी पोचलं की भात शिजवते. तोवर पंगत बसलीय.”

सगळी पंगत सरपंचांकडे बघू लागली.