कपाळावरचं हिरवं पान

रानात माणसाची पायवाटही पडली नव्हती तेव्हाची गोष्ट. ढगफाड्या नावाचा एक अवाढव्य पक्षी निखारे गिळायचा, प्राण्यांना पाठीवर घेऊन डोंगरापलीकडे न्यायचा आणि मागे काळ्या धुराचा लोट सोडायचा. त्या धुराने रान तापलं, झरे आटले आणि ढोलीतली साळुंकीची पिल्लं खोकून खोकून अर्धमेली झाली.

साळुंकी भांडायला गेली तेव्हा ढगफाड्या गोड हसला. "ताई, धुराची भरपाई म्हणून मी पलीकडचं वडांचं बन राखलंय. प्रत्येक उतारूच्या कपाळावर तिथलं एक पान चिकटवतो. पान लागलं की त्याच्या वाट्याचं पाप फिटलं! निखारेही सोडणार आहे, माझी नातवंडं उडायला लागली की."

साळुंकी तडक त्या बनात गेली. तिथला म्हातारा धनेश पक्षी म्हणाला, "अगं, हे बन माझ्या पणजोबांच्या आधीपासून उभं आहे. त्याला कोण तोडत होतं? आता मात्र रोज पानं ओरबाडून नेतात."

साळुंकीचं डोकं सणकलं. परत येऊन ती उतारूंवर कडाडली, "लाज नाही वाटत? झाड एक लावलं नाही आणि पानं लावून मिरवता! माझ्या पिल्लांचा जीव जातोय!"

"पण आम्हाला पान लागलंय," उतारू म्हणाले.

पुढे रान वाचवण्यासाठी सभा ठरली, तीही डोंगरापलीकडे. सगळे ढगफाड्याच्या पाठीवर चढले. बनातलं शेवटचं पान सभेच्या अध्यक्षाच्या, बिबट्याच्या कपाळाला लागलं. खाली साळुंकीच्या ढोलीत आता खोकायला कोणी उरलं नव्हतं.