खरखरीची जागा

मोबाइलमध्ये गाणी मावेनाशी झाली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका जुन्या जीपमधला रेडिओ धास्तावला होता. मालकीण यमुताई म्हणाल्या होत्या, "मोबाइलची गाणी याच्यावर वाजली नाहीत, तर उद्या नवा बसवू."

तेवढ्यात जीपच्या सिगारेट-लायटरच्या भोकात एक चिमुकलं यंत्र येऊन बसलं. "रेडिओदादा, मोबाइल माझ्या कानात गातो आणि मी ते हवेतून तुमच्यापर्यंत पोचवतो. वायर नको, काही नको. फक्त तुमच्या स्टेशनांच्या पट्टीवर जागा द्या."

रेडिओ हरखून गेला. पाहुण्याला चांगली जागा द्यावी, म्हणून त्याने आपलं सगळ्यांत दणदणीत स्टेशन दिलं. तिथल्या बातम्यांत गाण्याचा पार चुरा झाला. दुसऱ्या स्टेशनवर जाहिरातींनी गाणं गिळलं. यमुताई हिरमुसल्या.

"एखादी रिकामी जागा नाही का?" यंत्राने विचारलं.

रेडिओ ओशाळला. "आहे, पण तिथे नुसती खरखर. तिथे तुला कसं बसवू?"

"तीच द्या."

यमुताईंनी काटा खरखरीवर आणला, यंत्रावरही तोच आकडा लावला. खरखर थांबली आणि सनई अशी घुमली की जीपच्या काचा थरथरल्या.

इतकी वर्षं ज्या जागेवरून काटा घाईघाईने पुढे सरकायचा, तिथेच आता त्याचा मुक्काम असतो.